खासगी शाळांतील इंग्रजी शिकणारी मुले आणि अमेरिकन शालेय जिल्ह्यांचे कर्तव्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय शिक्षणाचा कारभार मुख्यत्वे स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे असतो. हा ‘जिल्हा’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. सार्वजनिक शाळा चालविण्यासाठी निर्माण झालेला तो एक स्थानिक प्रशासकीय घटक होय. घरी स्पॅनिश अथवा चिनी बोलणारे एखादे मूल या जिल्ह्याच्या सार्वजनिक शाळेत दाखल झाले, तर त्याची इंग्रजीची अडचण दूर करणे हे जिल्ह्यावर कायद्याने बंधनकारक ठरते. तेच मूल त्याच रस्त्यावरील कॅथलिक शाळेत गेले, तर जिल्ह्याचे कर्तव्य सर्वस्वी संपत नाही. परंतु त्याचे स्वरूप पालटते. हा पालट का होतो, याचे उत्तर विसाव्या शतकातील न्यायनिर्णयांच्या व कायद्यांच्या इतिहासात सापडते.

या इतिहासाचा आरंभ भाषेच्याच एका खटल्याने होतो. पहिल्या महायुद्धानंतर, इ. स. १९१९ मध्ये, नेब्रास्का राज्याने आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही शाळेत परकीय भाषा शिकविण्यास बंदी केली. हॅम्प्टन येथील एका ल्यूथरपंथी शाळेतील शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी जर्मन शिकविली म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरविला. दोनच वर्षांनी, सर्व मुलांना सार्वजनिक शाळांतच पाठविण्याची सक्ती करणारा ऑरेगन राज्याचा कायदाही त्याच न्यायालयाने रद्द केला. खासगी शाळेचे व तिच्यातील भाषेचे स्वातंत्र्य अशा रीतीने मान्य झाले. तथापि हे स्वातंत्र्य निषेधात्मक होते. शासनाने काय करू नये, एवढेच त्यातून निष्पन्न झाले. शासनाने अशा मुलांसाठी काय करावे, याविषयी त्यात काहीच नव्हते.

तो दुसरा प्रश्न १९४७ मध्ये पुढे आला. न्यू जर्सीतील एका नगराने कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना बसभाड्याची भरपाई दिली होती. न्यायालयाने धर्म आणि शासन यांच्यामधील भिंतीचा पुरस्कार केला, आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी ही भरपाई वैध ठरविली. मदत संस्थेला नसून मुलाला आहे, हा विचार पुढे ‘बालहिताचा सिद्धान्त’ म्हणून ओळखला गेला. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने याच विचाराचा आधार घेऊन, मागे पडलेल्या मुलांसाठी मिळणाऱ्या संघराज्याच्या निधीतून खासगी शाळांतील मुलांनाही सेवा देण्याचे काम शालेय जिल्ह्यांवर सोपविले. पैसा मात्र खासगी शाळेच्या हाती जावयाचा नव्हता.

याच सुमारास एक अगदी निराळे तत्त्व बळावत होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने संघराज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. सॅन फ्रान्सिस्को येथे इंग्रजी न येणाऱ्या २,८५६ चिनी विद्यार्थ्यांपैकी सुमारे १,८०० विद्यार्थ्यांना कोणतेही पूरक शिक्षण मिळत नव्हते. ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात जानेवारी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्यांना शिकविण्याची भाषाच समजत नाही त्यांना तीच पुस्तके व तेच वर्ग देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. त्याच वर्षी संसदेने समान शैक्षणिक संधीचा कायदा करून भाषिक अडथळा दूर करण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर घातले. हे कर्तव्य सार्वजनिक शिक्षणयंत्रणेचे होते. संघराज्याचे साहाय्य न घेणाऱ्या खासगी शाळेच्या दारापाशी ‘लाऊ’ निर्णयाची सत्ता थांबते.

त्याच १९७४ च्या जून महिन्यात मिसूरी राज्यातील एका खटल्याचा निकाल लागला. खासगी शाळांतील पात्र मुलांना तुलनेने समान सेवा मिळाली पाहिजे. परंतु ती त्यांच्या शाळेच्या आवारातच दिली पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. एकाच वर्षातील या दोन निर्णयांत पुढील सर्व गुंतागुंतीचे बीज आहे. पहिल्याचा पाया समतेचा आहे, तर दुसऱ्याचा पाया निधीच्या न्याय्य वाटपाचा.

‘कोठे शिकवावे’ हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. न्यू यॉर्क शहरात मात्र तोच निर्णायक ठरला. आरंभी तेथील खासगी शाळांतील मुलांना शाळा सुटल्यावर सार्वजनिक शाळांत नेण्यात येई. मुले व शिक्षक थकलेले असत आणि उपस्थिती अल्प राही. म्हणून १९६६ पासून सार्वजनिक शिक्षकच धार्मिक शाळांत जाऊन शिकवू लागले. त्यांच्या विषयांत वाचन व गणित यांबरोबर द्वितीय भाषा म्हणून इंग्रजीचाही समावेश होता. १९८५ मध्ये ‘अग्विलार विरुद्ध फेल्टन’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धती घटनाविरोधी ठरली. तेव्हा शाळांजवळ उभ्या केलेल्या फिरत्या वर्गांत आणि भाड्याच्या जागांत अध्यापन सुरू झाले. १९८६-८७ ते १९९३-९४ या काळात त्यासाठी दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. अध्यापनासाठी असलेल्या निधीतून ही रक्कम जागा व वाहने यांवर गेली. अखेर १९९७ मध्ये ‘अगोस्टिनी विरुद्ध फेल्टन’ या खटल्यात न्यायालयाने स्वतःचाच पूर्वीचा निर्णय फिरविला.

आजची व्यवस्था २००२ च्या व तिच्यात सुधारणा करणाऱ्या २०१५ च्या कायद्यावर उभी आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी निधी घेणाऱ्या जिल्ह्याने आपल्या हद्दीतील ना-नफा खासगी शाळांशी वेळीच व अर्थपूर्ण विचारविनिमय केला पाहिजे. मुलांची निवड कशी करावयाची, कोणती सेवा कोठे व कोणी द्यावयाची, तिचे मूल्यमापन कसे करावयाचे, हे विषय त्यात येतात. सेवा धर्मनिरपेक्ष असावी लागते; निधीवरील नियंत्रण आणि साहित्याची मालकी जिल्ह्याकडेच राहते. येथे पात्रता ठरते ती मुलाच्या निवासावरून नव्हे, तर शाळेच्या स्थानावरून. जिल्ह्याने असा निधीच घेतला नाही, तर या कायद्याखालील हे कर्तव्यही उत्पन्न होत नाही.

कायद्याची परिभाषाही या काळात बदलली. १९६८ च्या द्विभाषिक शिक्षण कायद्यात ‘इंग्रजी बोलण्याची मर्यादित क्षमता’ असलेले मूल होते. १९७८ पासून ते ‘मर्यादित इंग्रजी प्रावीण्याचे’ झाले. २०१५ मध्ये ते ‘इंग्रजी शिकणारे’ ठरले. उणिवेच्या जागी अध्ययन आले, हा बदल स्वागतार्ह खराच. परंतु नाव बदलले म्हणून मुलाचे स्थान सर्वत्र सारखे झाले नाही. सार्वजनिक शाळेत ते हक्काचे धनी असते. खासगी शाळेत ते उपलब्ध निधीपुरते लाभार्थी असते. भाषेची अडचण मात्र दोन्हीकडे तीच असते. खासगी शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य १९२५ मध्ये मिळाले; पण ते बजावताना मुलाने भाषासाहाय्याचा हक्क का गमवावा, या प्रश्नाला १९७४ च्या दोन्ही निर्णयांनी उत्तर दिलेले नाही.