आमच्या घरातला आनंदघन

आनंदघन या संगीतकाराचं सगळं काम एका दशकात मावतं. १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा', १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ चा 'साधी माणसं' आणि १९६९ चा 'तांबडी माती'. त्याआधी १९६० मध्ये दिनकर द. पाटलांच्या 'राम राम पाव्हणं'चं संगीतही याच व्यक्तीचं, पण तेव्हा पडद्यावर खरं नाव होतं: लता मंगेशकर. तो धरला तर पाच चित्रपट, नाही तर चार. शंकर-जयकिशनचं एक दशक घ्या, चित्रपट मोजतानाच दमछाक होते. इथे हाताची बोटं पुरतात. तेव्हा यातला सर्वांत आवडता निवडणं सोपं असायला हवं. आमच्या घरात हा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही.

आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, कोल्हापूरचे. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत मावळे लागायचे ते अशाच तालमींतून गोळा व्हायचे. दंड भरलेले, मान जाड, आणि उन्हात तासन्‌तास उभं राहिलं तरी कुरकुर नाही. 'मराठा तितुका मेळवावा'च्या गर्दीत आपण आहोत, असं आबा शपथेवर सांगत. पुढे तो चित्रपट घरी लावून आम्ही पडदा थांबवून थांबवून शोधलं. प्रत्येक वेळी आबा वेगळ्याच मावळ्यावर बोट ठेवायचे. "ढालीआड हाय बघ तो मी," असं एकदा म्हणाले, आणि ढालीआड कोण आहे ते कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं. मिश्या डिंकानं चिकटवलेल्या असत. घाम आला की एका बाजूनं सुटायच्या, मग ओठ न हलवता आरोळी ठोकायची. ही आरोळी त्यांनी आम्हाला जेवणाच्या पंगतीत करून दाखवली आहे.

आबांचं मत अर्थातच 'मराठा तितुका'ला. त्यात संगीताचा भाग किती आणि ढालीचा किती, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्याकडून ऐकलेला जयप्रभा स्टुडिओचा इतिहास मात्र पक्का निघाला. मूळचा हा कोल्हापूर सिनेटोन. तो भालजींच्या हाती आला आणि जयप्रभा झाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत तो जाळला गेला. 'मीठभाकर' हा तयार होत आलेला चित्रपट त्यात भस्म झाला आणि भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून काढला. आबा तेव्हा शाळकरी पोर. धुराचा वास आठवतो म्हणायचे. पुढे कर्जापायी स्टुडिओ हातचा जायची वेळ आली, आणि अखेर तो लताबाईंनी विकत घेतला. भालजी तिथेच चित्रपट काढत राहिले. मंगळवार पेठेत ही गोष्ट सांगताना माणसं अजून आवाज जरा खाली आणतात, कारण लताबाई भालजींना 'बाबा' म्हणायच्या.

हे नातं जुनं होतं. १९४२ मध्ये लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ गेले. पाठची चार भावंडं आणि आई, एवढा संसार तेराव्या वर्षातल्या मुलीवर आला. मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर ती कोल्हापुरात राहिली आणि १९४५ मध्ये मुंबईला गेली. आबांच्या वयाच्या प्रत्येक कोल्हापूरकराने लताबाईंना लहानपणी एकदा तरी रस्त्यात पाहिलेलं असतं. आबांनीही पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं असतं तर त्या मुलीला रस्ता ओलांडता आला नसता.

आनंदघन जन्माला आला तो भालजींच्या अडचणीतून. 'मोहित्यांची मंजुळा'ची जुळवाजुळव झाली होती आणि हाताशी मोकळा संगीतकार नव्हता. लताबाईंनी "मी करते" म्हटल्यावर भालजींना वेगळीच काळजी लागली: चित्रपट पडला तर एवढ्या मोठ्या नावाला बट्टा लागेल. म्हणून टोपणनाव. ते रामदासांच्या काव्यातून घेतलं असं सांगतात. रामदासांचा मान पुढच्या वर्षी चित्रपटाच्या नावातही राखला गेला, कारण 'मराठा तितुका मेळवावा' हे त्यांचेच शब्द.

'मंजुळा'ला आमच्या घरी एकच मत, माझ्या वडिलांचं. 'बाई बाई मन मोराचा' हे जगदीश खेबुडकरांचं गाणं ते दाढी करताना गुणगुणत, आणि त्यापलीकडे त्यांनी कधी युक्तिवाद केला नाही. चाल खरोखर हलकी आणि खेळकर आहे. पण एका दाढीपुरतं गाणं आणि चित्रपटभर पुरणारं संगीत यांत फरक करायला हवा, आणि आमचा सगळा वाद या फरकावरच अडलेला आहे.

कारण धाकट्या आत्याचं मत 'साधी माणसं'ला. ती तेव्हा सांगलीला शिकत होती. सांगली आकाशवाणी १९६३ मध्ये सुरू झालेली, त्यामुळे नवं गाणं मुंबईहून वाट पाहत यायचं नाही, अंगणात यायचं. 'ऐरणीच्या देवा तुला' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईच्या कामावर कुणी असं गाणं केलंय यावरच विश्वास बसेना, असं ती सांगते. चुलीवर, जात्यावर, पाळण्यावर गाणी होती. भात्यावर कुठे होतं? लोहाराची बायको भाता ओढते, घण मारते, आणि त्या आगीपुढेच देवाशी बोलते. खेबुडकरांचे शब्द, पडद्यावर जयश्री गडकर आणि सूर्यकांत. लोहार जोडप्याची ही गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारात वर्षातला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरली.

राज्य पुरस्कारांच्या समारंभातली हकिकत तर आत्या अशी सांगते की जणू पहिल्या रांगेत बसली होती. उत्कृष्ट संगीतासाठी आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं, तरी नाही. मग निवेदकानेच जाहीर करून टाकलं की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाई. त्या संकोचून उठल्या. हे सगळं खरं आहे. आत्या मात्र त्या दिवशी मिरजेला होती.

या गाण्यावरची सर्वांत चोख टीका मी ऐकली ती संगीतातल्या जाणकाराची नव्हे. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या गावात एक म्हातारे लोहार होते. चावडीवर रेडिओ लागायचा. गाणं सुरू झालं की ते हातातलं काम थांबवून ऐकायचे आणि संपलं की म्हणायचे, "भाता बरोबर हाय. पर घण एवढा सावकाश मारला तर लोखंड गार हुईल की." खुरप्याचं पातं लाल असतं ते थोडा वेळच. सांडशीत धरणारा हातोडीनं जागा दाखवतो, समोरचा तिथे घण घालतो, आणि चारपाच ठोक्यांत काम उरकून पातं परत विस्तवात जातं. गाण्यातली ऐरण त्या मानाने फार निवांत. मला ही टीका मान्य आहे आणि गाणं तरीही तसंच हवं आहे. त्या बाईला देवाशी बोलायला दोन ठोक्यांच्या मधली जागा लागते.

त्याच चित्रपटात कान्होपात्रेचा 'नको देवराया' हा अभंग आहे, 'वाट पाहुनी जीव शिणला' आहे. दोन्ही उत्तम. तरीही 'साधी माणसं' म्हटलं की कानात ऐरणच वाजते, आणि बाकीची गाणी तिच्या आवाजात बुडतात. आत्याने मत दिलं ते एका गाण्याला. त्या गाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आज्जीचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती दादांची आई, माहेर-सासर दोन्ही कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं आणि माणसं खाली आली, कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी पार ठाणे-कुलाब्याकडे. आज्जीच्या घरच्यांनी कौलं उतरवली, वासे मोकळे केले, चौकट उपसून काढली. जे नेता आलं ते नेलं. तुळशीवृंदावन दगडाचं होतं, ते राहिलं. नव्या गावात जमीन सपाट, पावसाचा पत्ता नाही, आणि लोक यांना 'धरणवाले' म्हणायचे. कोयनेची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आज्जीच्या नव्या घरात कंदील होता.

'अखेरचा हा तुला दंडवत' रेडिओवर लागलं की ती उठून परसात जायची. आम्हा नातवंडांना वाटायचं, गाणं आवडत नाही. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं. गाण्यात गाव सोडून जाणारी बाई देवालाही देऊळ सोडून यायला विनवते, हे मी तोवर कधी नीट ऐकलंच नव्हतं. आज्जी म्हणाली, "आमचा द्येव खरंच देऊळ सोडून आला, बाय. ट्रकातनं आला." मूर्तीला गोधडीत गुंडाळलं होतं. घाटात ट्रक हेलकावे खायचा तेव्हा तिने मूर्तीच्या डोक्याखाली हात धरला होता. हे ती इतक्या सरळ सुरात सांगत होती की मला पुढे काय विचारावं सुचेना.

आणि ते गाणंही तसंच गायलेलं आहे, हे त्यानंतर कानात भरलं. शब्द 'योगेश' यांचे, म्हणजे भालजींचेच. एवढ्या दुःखाच्या प्रसंगाला दुसऱ्या कुणी हुंदका, आलापी, व्हायोलिनचा पूर आणला असता. इथे रडण्याची सोय कुठेच केलेली नाही. सूर सरळ धरलेला, वाक्य पुरं होईपर्यंत सोडायचा नाही. शिवकाळातल्या कथेसाठी केलेलं गाणं कोयनेच्या माणसांना आपलं वाटलं, त्यात या आवराआवरीचा वाटा मोठा आहे. धरण पुरं झालं आणि चित्रपट आला ते वर्ष एकच, १९६४.

तर माझं मत आबांच्याच बाजूला पडतं, ढालीचा संबंध नसताना. 'मराठा तितुका'त 'अखेरचा' आहे, 'रेशमाच्या रेघांनी' आहे, 'शूर आम्ही सरदार' आहे, 'मराठी पाऊल' आहे. ही चार गाणी एकाच हातची आहेत असं न सांगता कुणाला कळणार नाही. 'रेशमाच्या रेघांनी' ही शांता शेळक्यांची कशिद्याच्या चोळीची लाडिक तक्रार आशाबाईंच्या गळ्यात दिली. 'शूर आम्ही' हृदयनाथांना. तेही शांताबाईंचं. त्या चालीत मर्दुमकी आहे आणि आरडाओरडा नाही, हे वीररसाच्या मराठी गाण्यांत किती दुर्मिळ आहे ते शाळांच्या स्नेहसंमेलनांना गेलेल्यांना सांगायला नको. त्या वेळी देशातला सर्वांत मोठा आवाज या संगीतकाराच्या खिशात होता, फुकट आणि केव्हाही हजर. तरी ठसकेबाज गाणं बहिणीला आणि गाजणारं गाणं भावाला देऊन स्वतःकडे निरोपाचं गाणं ठेवलं. टोपणनावाआड लपणं सोपं असतं. चालींच्या वाटपात मागे सरणं अवघड. माझी निवड या वाटपासाठी आहे.

या चाली कुठून आल्या याचा विचार करताना मला थाळनेर आठवतं. तापीकाठचं हे गाव लताबाईंचं आजोळ. पावागडचे गरबे आणि लोकगीतं त्या आजीकडून शिकल्या होत्या. दीनानाथांकडून आलेलं राग आणि नाट्यसंगीताचं धन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर ग्रंथ आहेत. आजीकडून आलेल्या गोष्टींची यादी कुणी करत नाही. आनंदघनच्या चालींत रागाचा दिमाख कमी आणि गुणगुणण्याची सोय जास्त, ही सोय त्या दुसऱ्या घराण्याची असावी असा माझा अंदाज.

'तांबडी माती'बद्दल थोडक्यात सांगायचं तर तो आबांच्या तालमीचा चित्रपट, कुस्तीचा, आणि दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले ते यातच. 'डौल मोराच्या मानचा' ऐकताना बैलगाडीत बसल्यावाचून राहवत नाही. पण आबांनी त्यालाही मत दिलं नाही. त्यात त्यांचं काम नव्हतं.

१९६९ नंतर आनंदघननं चित्रपटाला चाल दिली नाही. विचारणा झाली नाही असं नाही. हृषिकेश मुखर्जींनी 'आनंद'साठी विचारलं होतं असं सांगितलं जातं, आणि ते काम सलील चौधरींनी केलं. गाण्यांच्या रोजच्या ध्वनिमुद्रणांतून चाली बांधायला वेळ कुठून काढायचा, हे कारण मला पुरेसं वाटतं.

परवा आत्याला फोन करून निकाल कळवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राम राम पाव्हणं धरला होतास का?" धरला नव्हता म्हटल्यावर ती म्हणाली की मग दशक पुरं झालेलं नाही, सबब निकाल रद्द, आणि दिवाळीला सगळे जमले की पुन्हा मतदान घ्यायचं.