तार तुटली तरी निरोप पोचतो : हौशी रेडिओची शंभर वर्षे आणि आपली सुरत

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. २००६ सालीही ती याच तारखेला होती. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, हे पंचांग पाहणाऱ्यांना नवीन नाही. पण उधन्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींना २००६ ची चतुर्थी वेगळ्याच कारणाने आठवते. तिच्या वीस दिवस आधी तापीमाई शहरात शिरली होती.

उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि ७ ऑगस्टपासून रांदेर, अडाजण, कतारगाम, चौक हा सारा भाग पाण्यात गेला. उधन्याची बाजू त्या मानाने बरी होती, पण वीज नव्हती आणि फोन मुका झाला होता. आमची मावशी रांदेरला राहत असे. मोबाईल तिच्याकडे होता, आमच्याकडेही होता, पण टॉवरच बंद, तर दोघांचे मोबाईल असून नसून सारखे. ९ तारखेला राखी पौर्णिमा होती. आई ताटात राखी ठेवून दाराकडे बघत बसली. तिकडे अमळनेरला थोरले काका टीव्हीवर सुरतेची दृश्ये बघून रात्रंदिवस नंबर फिरवत होते. चौथ्या दिवशी मावसभाऊ चिखल तुडवत आमच्या दारात आला आणि म्हणाला, "सगळे बरे आहेत, दुसऱ्या मजल्यावर होतो." एवढे एक वाक्य. मध्ये फक्त एक नदी, पण ते वाक्य यायला चार दिवस लागले.

हे एक वाक्य चार दिवसांऐवजी चार मिनिटांत पोचवण्याची विद्या जगात शंभर वर्षांपासून आहे. १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये हौशी रेडिओवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना झाली. २०२५ साली त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. १८ एप्रिल हा दिवस जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळतात. गावोगावच्या क्लबांनी तो साजरा केला, पण आपल्याकडे त्याची फारशी वार्ता झाली नाही. म्हणून हा लेख.

हौशी रेडिओ, ज्याला आपण हॅम रेडिओ म्हणतो, तो आकाशवाणीसारखा गाणी लावायचा रेडिओ नव्हे. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने यंत्र बसवून एकमेकांशी बोलणाऱ्यांचा हा छंद आहे. यात पैसा कमवायला बंदी, जाहिरात करायला बंदी, राजकारणाला बंदी. प्रत्येकाला स्वतःची खूण-संज्ञा मिळते. भारतातल्या बहुतेकांची ती 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. राजीव गांधी यांचीही अशी संज्ञा होती, 'व्हीयू२आरजी'.

आपल्या देशात याची सुरुवात १९२१ ची. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले भारतीय हौशी रेडिओचालक मानले जातात. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज सरकारने परवाने थांबवले आणि सगळ्यांना आपापली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांत जमा करायला लावली.

आणि इथेच आपल्या सुरतेचे नाव या इतिहासात येते. सुरतजवळच्या सरस गावी १९२० साली जन्मलेल्या उषा मेहता १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या होत्या आणि मुंबईत शिकत होत्या. 'चले जाव' ची घोषणा झाली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'काँग्रेस रेडिओ' नावाचे गुप्त केंद्र उभे केले. यंत्राच्या कामात मुंबईचे हौशी रेडिओवाले होते. त्यांत नरिमन प्रिंटर यांचे नाव घेतले जाते. केंद्राची लहर होती ४२.३४ मीटरची. आज हौशी रेडिओवाले ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर देशभर बोलतात, तीच ही जागा. पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्टचे मानतात, म्हणजे २०२५ च्या चतुर्थीचीच तारीख! पोलीस माग काढत म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला धाड पडली. चौकशीत उषाबेनांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली सुटका. पुढे त्या मुंबईत प्राध्यापक झाल्या, १९९८ साली पद्मविभूषण मिळाले.

हे केंद्र परवान्याचे नव्हते, उघड कायदेभंग होता, हे खरे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सगळे रस्ते बंद झाले तरी, एक खोली, एक तार आणि काम जाणणारी दोन माणसे असली की आवाज बाहेर पडतो.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महूच्या लष्करी सिग्नल शाळेत देशातल्या हौशी रेडिओवाल्यांचा क्लब स्थापन झाला. तो पुढे दिल्लीला गेला आणि १९५४ मध्ये 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाला. त्याची पंचाहत्तरी २०२३ मध्ये झाली. इतक्या वर्षांत या लोकांनी काय केले, याची उत्तरे संकटांच्या तारखांत सापडतात.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादकडची गावे बाप्पाला निरोप देऊन झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. गणेशोत्सव आणि ती पहाट महाराष्ट्राच्या मनात कायमची जोडली गेली. तिथे मदतीला गेलेल्यांत हौशी रेडिओवालेही होते.

२६ जानेवारी २००१. आम्ही तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. ध्वजवंदन आटोपत होते, तोच पायाखालची फरशी सरकली. सुरतेतही इमारती पडल्या, माणसे गेली. कच्छमध्ये तर भूजसकट गावेच्या गावे कोसळली आणि टेलिफोनही गेले. गुजरातमधून आणि बाहेरून हौशी रेडिओवाले यंत्रे घेऊन तिकडे गेले. औषध किती, डॉक्टर कुठे, अमक्याची आई जिवंत आहे का, असले निरोप त्यांनी पोचवले. आमच्या एका शिक्षकांनी त्या आठवड्यात वर्गात धडा बाजूला ठेवून फळ्यावर एका साध्या अँटेनाची आकृती काढली. तेव्हा ती आम्ही परीक्षेसाठी उतरवून घेतली. तिचा खरा अर्थ २००६ साली कळला.

२६ डिसेंबर २००४. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. तिथून हौशी रेडिओला १९८७ नंतर प्रथमच परवानगी मिळाली होती आणि जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. त्सुनामी आली. भारतीबेनांनी हौसेचा कार्यक्रम तिथेच थांबवला आणि त्याच यंत्रावरून बेटांची खबर मुख्य भूमीवर आणि नातेवाइकांचे निरोप इकडून तिकडे पोचवायला सुरुवात केली.

हे जमते कसे? मोबाईलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेल, आणि डिझेलची गाडी पाण्यातून येत नाही. शिवाय सगळे एकदम फोन करू लागले की उरलासुरला टॉवरही दमतो. हौशी रेडिओला मधले काहीच लागत नाही. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, एक यंत्र, आणि दोन झाडांत किंवा दोन गच्च्यांत ताणलेली वीस मीटरच्या आसपास लांबीची तार. चाळीस मीटरच्या लहरी आकाशात जातात, वरच्या विद्युतभारित थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. उधन्याहून जळगाव, नाशिक, पुणे सहज आवाक्यात येतात. शहरातल्या शहरात बोलायला हातात मावणारा संच पुरतो.

आपल्यासाठी याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथली आपली बहुतेक घरे खानदेशातून आली. तापीही तिकडूनच येते. हतनूर धरणातून, भुसावळ ओलांडून उकाईला आणि मग सुरतेला. म्हणजे सुरतेत शिरणारे पाणी आपल्या माहेरचेच पाणी! माहेरी किती पाऊस झाला हे वेळेवर कळणे आणि इकडे आपण सुखरूप आहोत हे माहेरी कळणे, दोन्हींची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त. १९६८ चा पूर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला, २००६ चा आम्ही पाहिला. पुढचा मुलांच्या वाट्याला येऊ नये ही बाप्पाजवळ प्रार्थना. पण नुसत्या प्रार्थनेवर घर चालत नाही.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत. आपत्तीच्या वेळी कार्यालयात काय धावपळ असते ते आतून पाहिले आहे. माणसे झटतात, पण खबर नसेल तर होडी कुठे पाठवायची हेच कळत नाही. त्या क्षणी एका गल्लीतून आलेला एक नेमका निरोप, म्हणजे इमारतीचे नाव, मजला, माणसे किती आणि आजारी कोण, हा दहा भाषणांपेक्षा मोलाचा असतो.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. हौशी रेडिओचा परवाना बारा वर्षांपुढील कोणालाही मिळू शकतो. परीक्षा प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियमांची असते. अकरावी-बारावीच्या किंवा आयटीआयच्या मुलांना ती अवघड नाही, आणि मुलींनी तर उषाबेन आणि भारतीबेन आठवाव्यात. पुढच्या उत्सवापर्यंत आपल्या घरांतल्या निदान चार जणांनी ती द्यावी. तयारी करून घ्यायला आम्ही रविवारी सकाळी दोन तास देऊ, आणि वयाची लाज न बाळगता त्यांच्याबरोबर परीक्षेलाही बसू. सजावटीच्या खर्चातून थोडी बचत झाली तर एक संच आणि बॅटरी मंडळाची होईल. तार ताणायला गच्ची आहेच.

मावशी आता नाही. त्या वर्षीची राखी आईने मावसभावाच्या हाताला बांधली आणि "तिला पोचली म्हणायची" एवढेच म्हणाली. पुन्हा कधी तापी रुसली, तर उधन्यातल्या कोणत्याही आईला दाराकडे बघत चार दिवस बसावे लागू नये, इतकेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!