निमे वेतन

अफझलखानाची स्वारी तुळजापूर, पंढरपूर अशी आमच्याच मुलखातून वाईकडे गेली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली तिचा मोड झाला. या विजयाइतकीच त्यानंतरची व्यवस्था मला महत्त्वाची वाटते. सभासद बखर सांगते, युद्धात पडलेल्यांच्या पुत्रांना महाराजांनी चाकरीत चालवले. पुत्र नसेल तर बायकोला निमे वेतन लावून दिले. पेशवाईत ही परंपरा ‘बालपरवेशी’ म्हणून दिसते.

‘वेतन’ हा शब्द मोलाचा. ते दान नव्हते, पडलेल्याची कमाई होती. मात्र विधवेचा स्वतंत्र हक्क पुत्र नसेल तरच उभा राही, ही त्या व्यवस्थेची मर्यादा.

१९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी जमतो. सात रस्त्यावर कुणी तो मागितला तर जरूर द्यावा; दान केले, असे मात्र म्हणू नये.