एलायझा परत येते का?

नाटक वाचायला आवडतं म्हटलं की लोक जरा विचित्र नजरेनं बघतात. माझा दादा तर म्हणतो, "नाटक वाचणं म्हणजे पाककृती वाचून पोट भरणं!" चित्रपट मलाही आवडतात हो. पण छापील नाटकात एक गंमत असते, ती पडद्यावर सापडत नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची हकीकत सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही कथा पु.लं.च्या 'ती फुलराणी'मुळे (१९७५) माहीत आहे. फुलं विकणारी मुलगी आणि तिला 'शुद्ध' बोलायला शिकवणारा प्रोफेसर. मूळ नाटकात ती एलायझा, तो हिगिन्स. शेवटी तो तिला हातमोजे नि टाय आणायला फर्मावतो. तुमचं तुम्ही आणा, असं सुनावून ती निघून जाते. तो स्वतःवरच खूश होऊन हसतो. संपलं नाटक!

आता ती परत येते की नाही?

१९१४ साली लंडनमध्ये प्रयोग सुरू झाले, तेव्हा हिगिन्स होते हर्बर्ट ट्री. नाट्यगृह चालवणारेही तेच. पडदा पडता पडता त्यांनी एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली. प्रेक्षक खूश, शॉ संतापला. १९१६ च्या पुस्तकात त्यानं लांबलचक पुस्ती जोडली : एलायझा फ्रेडीशी लग्न करते, दोघं फुलांचं दुकान काढतात.

शॉला पुस्तकाचा आधार नवा नव्हता. 'मिसेस वॉरेन्स प्रोफेशन'ला सेन्सॉरनं रंगमंच नाकारला, तेव्हा १८९८ साली त्यानं ते सरळ छापलं. वाचणाऱ्याला सगळं दिसावं म्हणून प्रस्तावना लिहिल्या, पानभर रंगसूचना लिहिल्या. म्हणजे आमच्यासारखे वाचक त्यानं धरलेलेच होते!

पुढे १९३८ साली चित्रपट आला. शॉनं स्वतः पटकथेवर काम केलं, शेवट फ्रेडीच्या बाजूनं लिहून दिला. निर्मात्यांनी मात्र एलायझाला हिगिन्सच्या घरी परत आणलं, आणि तो विचारतो काय, तर माझ्या सपाता कुठे आहेत! गंमत म्हणजे याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं (सहलेखकांसह). १९४१ च्या आवृत्तीत त्यानं पुन्हा शेवट बदलला. आता हिगिन्स हसत सुटतो तो ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून. शॉ १९५० साली गेला. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त पुन्हा तेच, सपाता!

मला ते बघताना चुटपुट लागते. जी मुलगी इतकं बोलायला शिकली, माझं पुढे काय, असं तोंडावर विचारायला शिकली, तिनं शेवटी सपाता शोधायच्या? आपल्याकडेही हातात सगळं लागणारे हिगिन्स कमी नाहीत, म्हणून असेल कदाचित.

पण मुद्दा फक्त शेवट चुकला एवढाच नाही. कॅमेऱ्याला एक चेहरा दाखवावाच लागतो, आणि एकदा दाखवला की तो कायमचा. पुस्तकात हिगिन्सचं ते हसणं मी कधी विजयाचं वाचते, कधी एकटं पडलेल्या माणसाचं. एलायझाचं उत्तर कधी रागानं, कधी अगदी शांतपणे. खरं सांगायचं तर शॉची पुस्तीही मला पूर्ण पटत नाही. फ्रेडी म्हणजे अगदीच ढिला माणूस! माझ्या वाचनात ती एकटीच दुकान काढते. शॉ रागावला असता, पण हे स्वातंत्र्य मला त्याच्याच पुस्तकानं दिलं.

असो. चित्रपट जरूर बघा, गाणी छानच आहेत. पण नंतर एकदा नाटक काढून शेवटची दोन पानं वाचा. आणि मला सांगा, तुमची एलायझा कुठे गेली?