जानवे, पाटलोण आणि दुर्बळ भाऊ

इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिले. त्यात एक अगदी व्यवहारातला प्रश्न आहे : मूर्तीला वाहिलेले मांस ख्रिस्ती माणसाने खावे की नाही? पौलाचे उत्तर दुहेरी आहे. मूर्तीत काही नाही, तेव्हा त्या मांसाने कोणी बाटत नाही. खाणारा मोकळा आहे. परंतु त्याचे खाणे पाहून एखाद्या दुर्बळ मनाच्या भावाचा पाय घसरणार असेल, तर त्या भावासाठी खाणाऱ्याने ते सोडले पाहिजे. अन्न, वस्त्र, कपाळावरची खूण या गोष्टी स्वतः पाप नाहीत आणि पुण्यही नाहीत; त्यांचा भार कोणावर पडतो, हे पाहायचे.

हे तत्त्व जातींच्या देशात आले तेव्हा त्याचे काय झाले? येथे दुर्बळ भाऊ कोणाला ठरवले गेले?

रॉबर्ट डी नोबिली हा इटलीच्या उमराव घराण्यातला जेझुइट धर्मगुरू १६०५ मध्ये गोव्यास उतरला आणि १६०६ मध्ये मदुरेस पोहोचला. तेथे गोंसालो फर्नांडिस हा पोर्तुगीज धर्मगुरू आधीपासून होता, पण वरच्या जातींतला कोणी त्याच्याकडे फिरकत नसे. किनाऱ्यावरचे परवर कोळी १५३५ ते १५३७ च्या दरम्यान मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले होते. गोमांस खाणारा, दारू पिणारा, खालच्यांत बसणारा तो 'पारंगी', आणि पारंगीचा धर्म तो ख्रिस्ती धर्म, असे समीकरण लोकांच्या मनात बसले होते.

नोबिलीने 'मी पारंगी नव्हे' असे जाहीर केले. भगवी वस्त्रे, पायी खडावा, कपाळी गंध, शाकाहार, ब्राह्मण आचारी आणि राहायला वेगळे घर. संस्कृत, तमिळ आणि तेलुगू या भाषा त्याने कष्टाने शिकल्या; त्याच्या विद्वत्तेबद्दल वाद नाही. जानवे व शेंडी या सामाजिक खुणा आहेत, धार्मिक नव्हेत, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने त्या ठेवल्या तरी चालेल, असे त्याने प्रतिपादले. फर्नांडिसने तक्रार केली, वाद गोव्यात गेला, तेथून रोमला गेला. ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावा ग्रेगरी याने जानवे, शेंडी, गंध आणि स्नान यांस अटींसह परवानगी दिली. त्याच आज्ञापत्रात उच्चकुलीनांनी चर्चमध्ये हीनकुलीनांचा तिरस्कार करू नये, अशी कळकळीची विनंतीही होती. जानव्याला परवानगी मिळाली. आमच्या वाट्याला विनंती आली.

पुढचा इतिहास या विनंतीची किंमत सांगतो. १६४० पासून खालच्या जातींसाठी 'पंडारस्वामी' नावाचे वेगळे मिशनरी नेमले गेले. संन्यासी मिशनरी परय्याच्या घरात पाऊल टाकीत नसत. आजाऱ्याला संस्कार हवा असेल तर त्यालाच घराबाहेर आणावे लागे. १७०४ मध्ये पोपचा प्रतिनिधी तुर्नों याने पाँडिचेरीत हुकूम काढला, की धर्मगुरूने परय्याच्या घरी गेलेच पाहिजे. चाळीस वर्षे खल चालला. १७४४ मध्ये रोमने हुकूम कायम केला, पण तोड काढली ती परय्यांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्याची! एका धर्मात, एका वेदीपुढे, दोन पंक्ती.

आता पौलाचा तराजू पुन्हा हाती घेऊ. जानवे सोडताना ज्याचे मन कचरते तो ब्राह्मण येथे दुर्बळ भाऊ ठरला. त्याची नाजूक सदसद्विवेकबुद्धी दुखावू नये म्हणून सगळी सवलत; आणि सवलतीचा खर्च मात्र दाराबाहेर पडलेल्या आजारी परय्याने भरायचा. अंत्युखियात यहुदी मंडळी आली तेव्हा पेत्र परजातीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. मदुरेत असा पौल कोणी झाला नाही.

मग बाह्य खुणा पुसल्या असत्या तर प्रश्न सुटला असता काय? त्याचे उत्तर गोव्यात आहे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्त्यांना धोतर व चोळीही वर्ज्य केली. नाव पोर्तुगीज झाले, अंगात पाटलोण आली. तरी बामण, चारडो, सुदिर हे भेद टिकलेच. कोंफ्रारी म्हणजे चर्चमधले बंधुमंडळ. पण कित्येक गावांत या बंधुत्वाचे दार वरच्या जातींपुरतेच उघडे होते. काही ठिकाणी तर मिरवणुकीतल्या झग्याचा रंगसुद्धा जातीवर ठरे. जानवे ठेवूनही जात राहिली आणि पाटलोण घालूनही राहिली.

२७ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांनी आमच्या आयाबायांना लुगड्याची नेसण बदलायला आणि जात दाखवणारे दागिने टाकायला सांगितले. तेही बाह्यांगच होते. पण येथे खूण टाकणारा हा खुणेचा भार वाहणाराच होता. मदुरेत उलट, ज्याला खुणेचा मान मिळत होता त्याची खूण जपली गेली. हा फरक मूलभूत आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सूची हिंदूंपुरती ठेवली. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात स्थान मिळाले. ख्रिस्ती दलित अद्याप बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने जात जाते असे कायदा गृहीत धरतो. दाराबाहेरच्या त्या आजाऱ्याला हे कोणी विचारले नाही.

शेवटी हा तराजू आपल्याही हाती आहे. आम्ही पहिल्या पिढीचे पदवीधर पोशाख बदलतो, बोली बदलतो, काहीजण आडनावही बदलतात. त्यात पाप नाही. तो आमचा हक्क आहे. पण ते नवे आडनाव टिकावे म्हणून गावाकडून आलेल्या भावाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावावे लागत असेल, तर आपणही मदुरेच्या त्या वेगळ्या घरात राहायला गेलो आहोत, हे ओळखले पाहिजे.