पर्यावरण अर्थतज्ज्ञ नेमकं काय मोजतो? विजय परांजपे यांच्या कामातून समजून घ्या

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून कास्टिंग बाहेर पडतं, तेव्हा त्याच्या दरात कच्चं लोखंड, वीज, मजुरी, वाहतूक सगळं धरलेलं असतं. पण साच्यातून निघालेली काळी वाळू उघड्यावर पडली आणि शेजारच्या विहिरीचं पाणी बिघडलं, तर तो खर्च बिलात कुठेच दिसत नाही. तो विहिरीचा मालक भरतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच सुचवलं होतं, की असा दुसऱ्याच्या माथी पडणारा खर्च कर लावून उत्पादकाकडून घ्यावा. पर्यावरण अर्थशास्त्राचा पाया हाच.

महाराष्ट्रात या विषयातलं ठळक नाव म्हणजे पुण्याचे विजय परांजपे. १९८८ मध्ये 'इंटॅक'ने त्यांचा टिहरी धरणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी गाळ, विस्थापन, बुडणारी जमीन आणि भूकंपाची जोखीमही हिशेबात धरली. उत्तर आलं ०.५६. म्हणजे एक रुपया घाला, ५६ पैसे परत! धरण तरीही झालं आणि २००६ मध्ये वीजनिर्मितीही सुरू झाली. १९९० मध्ये नर्मदेवरच्या मोठ्या धरणांचा असाच हिशेब त्यांनी पुस्तकातून मांडला. पुढे 'गोमुख' संस्थेतर्फे मुळशीच्या कोळवण खोऱ्यात गावकऱ्यांसोबत पाणलोटाचं काम केलं.

अशा हिशेबातली खरी मेख असते सवलत दरात. ३० वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान आज किती धरायचं? दर १२ टक्के घेतला तर फक्त सव्वातीन रुपयांच्या आसपास. ४ टक्के घेतला तर जवळपास ३१ रुपये. नुकसान तेच, विहीर तीच. दर कुणी ठरवला, यावर प्रकल्प फायद्याचा की तोट्याचा हे ठरतं. म्हणून अहवालात 'प्रकल्प फायदेशीर' असं वाचलंत, तर आधी हा आकडा शोधा. बहुतेकदा तो परिशिष्टात असतो.

जंगलाची, नदीची किंमत रुपयांत मोजणंच चूक, असा आक्षेपही आहे आणि त्यात तथ्य आहे. पण अडचण अशी, की रकाना कोरा ठेवला की सरकारी हिशेबात ती किंमत शून्य धरली जाते.

शिरोलीतही हेच गणित लागू पडतं. वापरलेली वाळू शुद्ध करून पुन्हा साच्यात घेण्याच्या यंत्रणेचा खर्च आज एकदम डोळ्यांत भरतो. वाचलेली जमीन आणि पाणी मात्र हप्त्याहप्त्याने, पुढच्या कित्येक वर्षांत मिळतं. तेही बहुधा कारखानदाराला नाही, शेजारच्यांना.