अज्ञात फळ

बावीस अभक्ष्यांची यादी आपल्याकडे घराघरांत पाठ असते. कंदमूळ, मध, लोणी, वांगं, चलित रस... पाठशाळेतल्या मुलीसुद्धा बोटं मोडत म्हणून दाखवतात. त्या यादीत एक नाव असं आहे, ज्यापाशी कोणी फारसं थांबत नाही: अज्ञात फळ. बाकीच्यांना रंगरूप आहे, याला काहीच नाही. जे आपल्याला ओळखू येत नाही, ज्याचं नाव आणि गुण माहीत नाहीत, ते सगळं यात आलं.

या नियमाची कथा वंकचूलाची. तो दरोडेखोरांचा नायक. त्यानं आचार्यांकडून चार नियम घेतले, त्यातला पहिला हा: अनोळखी फळ खायचं नाही. पुढं जंगलात सगळे भुकेनं व्याकूळ झाले असताना साथीदारांना सुंदर, रसाळ फळं दिसली. वंकचूलानं विचारलं, याचं नाव काय? कोणालाच सांगता येईना. त्यानं खाल्लं नाही. बाकीच्यांनी खाल्लं आणि ते मेले, कारण ते किंपाक फळ होतं, म्हणजे विषफळ. आपण ही कथा व्रताचं फळ म्हणून ऐकतो. पण वंकचूलानं केलं काय, तर खाण्याआधी नाव विचारलं. एवढंच.

आता सूपचा एखादा डबा हातात घ्या. परदेशातून लेक आली की तिच्या बॅगेतून असा डबा निघतो, आणि पाकिटातलं सूप तर आमच्या राऊच्या किराणा दुकानातही मिळतं. पुढं टोमॅटोचं चित्र. मागं बारीक अक्षरांत मॉडिफाइड स्टार्च, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ६२७, ६३१. यातल्या किती फळांची नावं आपल्याला सांगता येतील?

ही फळं एका दिवसात अज्ञात झाली नाहीत. फ्रान्समध्ये निकोला आपेर यांनी अन्न बाटलीत घालून, बूच लावून, उकळून टिकवायची रीत शोधली. १८१० साली त्यांना सरकारी बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. इथं रांधणारी आणि खाणारा यांची पहिल्यांदा एवढी ताटातूट झाली. आपल्या सोळ्याच्या स्वयंपाकात पाणी कधी गाळलं, पीठ कधी दळलं, याचा हिशेब असतो: पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. डब्याला असा हिशेब विचारायला समोर कोणी माणूसच उरलं नाही.

१८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये यूलियस मॅगी यांनी कडधान्याच्या पिठाची झटपट सुपं तयार केली. कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नव्हता, त्यांच्यासाठी हा खटाटोप होता. म्हणजे सोयीच्या सूपला नावं ठेवण्याआधी त्या बायका आठवाव्यात. पण रस्सा तासभर न उकळता त्याची चव आणायची तर प्रथिनं तोडावी लागतात. गहू, मका किंवा सोयाबीनमधलं प्रथिन आम्लानं किंवा एन्झाइमनं तोडलं, की ते हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. नाव परदेशी वाटतं खरं, पण खरिपात राऊच्या आसपास जरा शेतांकडे बघा, माळव्यात जिकडेतिकडे सोयाबीनच. सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९८७ पासून इंदूरलाच आहे. कधी कधी अज्ञात फळ आपल्याच बांधावर उगवलेलं असतं, फक्त नाव बदलून परत येतं.

चवीच्या आकड्यांचा इतिहास जपानमधला. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं. तेच आपलं अजिनोमोटो. आज ते बहुतेक ऊस किंवा कंद-धान्याच्या साखरेवर जिवाणू वाढवून बनवतात. १९१३ साली शिंतारो कोदामा यांना इनोसिनेट सापडलं, ते वाळवलेल्या माशात. १९५७ साली अकिरा कुनिनाका यांनी अळंबीच्या चवीमागचं ग्वानिलेट दाखवलं. इनोसिनेटचं मीठ म्हणजे ६३१, ग्वानिलेटचं ६२७. यातलं ६३१ मासे-मांसापासूनही निघतं आणि साखर-स्टार्च आंबवूनही करता येतं. आकडा तोच, उगम दोन. नुसत्या आकड्यावरून श्राविकेला काय कळणार?

कायद्यानं हा प्रश्न ऐकायला बराच वेळ लावला. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गोचरबी मिसळल्याचं उघड झालं, तेव्हा देशभर संताप उसळला आणि सरकारनं त्या चरबीची आयात बंद केली. शुद्ध म्हणून विकलं जाणारं तूप देवाच्या निरांजनातही गेलं असेल, ही टोचणी अनेक घरांना लागली. पुढं २००० साली मांसाहारी पदार्थांवर तपकिरी ठिपका आला आणि २००१ साली शाकाहारी पदार्थांवर हिरवा. त्याच २००१ साली अमेरिकेत हरीश भारती या वकिलांनी मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला. बटाट्याच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अंश होता आणि यादीत लिहिलं होतं फक्त ‘नैसर्गिक चव’. २००२ साली कंपनीनं माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. आपल्याकडे ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं राम गौ रक्षा दलाच्या याचिकेवर आदेश दिला: घटकाचं नुसतं सांकेतिक नाव पुरे नाही, तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत झाला हेही सांगा, प्रमाण कितीही कमी असो. त्या आदेशात ६३१चा नावानिशी उल्लेख आहे.

म्हणजे आता हिरवा ठिपका बघितला की झालं? नाही हो. ठिपका एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. २०२०च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख यांना वगळलं आहे. त्यामुळे मध घातलेल्या पदार्थावरही हिरवाच ठिपका, आणि आपल्याकडे मध अभक्ष्य. कांदा, लसूण, बटाटाही हिरव्यातच. शिवाय यादीत नुसतं ‘खाद्य स्टार्च’ किंवा ‘मसाले’ असं समूहाचं नाव लिहायची मुभा आहे. स्टार्च मक्याचा की बटाट्याचा, ते ओळखायचं कसं? आमचं राऊ तर वाळवलेल्या बटाट्याच्या चिप्ससाठीच ओळखलं जातं. इथल्या जैन घरांना बटाटा डोळ्यांनी ओळखता येतो, पण पांढऱ्या पुडीत तो सापडत नाही.

आणि हा प्रश्न फक्त व्रताचा नाही, जिवाचाही आहे. सूप घट्ट करायला मैदा, चवीला दुधाची भुकटी, प्रथिनाला सोया. सिलिॲक असलेल्या मुलाला तो मैदा आतून इजा करतो. दूध न पचणाऱ्या बाईचं पोट फुगतं, मुरडा येतो. ॲलर्जी याहून निराळी: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. अजिनोमोटोवर मात्र थोडा अन्यायच झाला. १९६८ साली एका डॉक्टरांचं पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि चिनी जेवणानंतरच्या त्रासाचं खापर त्याच्यावर फुटलं. पुढं लोकांना न सांगता दिलेल्या चाचण्यांत तो त्रास सातत्यानं दिसला नाही.

२०२०च्या भारतीय नियमांप्रमाणे आठ गोष्टी ॲलर्जीसाठी वेगळ्या सांगाव्या लागतात: ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट. युरोपच्या यादीत चौदा आहेत. सूपमध्ये हमखास असणारी सेलेरी, मोहरी आणि तीळ तिथं आहेत, आपल्या आठांत नाहीत. अमेरिकेनंही २०२३ पासून तीळ घातला. मोहरी न सोसणाऱ्या लेकराच्या आईला इथं ‘मसाले’ या शब्दापाशी थांबावंच लागतं.

सासवा म्हणायच्या, शोधून खा. पूर्वी शोधायचं ते सुपात, तांदळातले खडे आणि किडे. आता तीच नजर पाकिटाच्या मागच्या बाजूला वळवायची. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, तेव्हा पहिली तीन नावं आधी वाचा, मग शेवटचे आकडे. कोणाला काही बाधत असेल तर काय खाल्लं, किती वेळानं काय झालं, हे महिनाभर वहीत लिहा आणि पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. मनानंच दूध-गहू तोडून पोराला उपाशी ठेवू नका. पाकिटावर ग्राहकसेवेचा नंबर छापलेला असतो. फोन करून तीन प्रश्न विचारा: स्टार्च कशाचा? ६३१ कशापासून? मसाल्यांत नेमकं काय? आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत पाकीट फळीवरच राहू द्या. एवढ्यात कोणी भुकेलं राहत नाही. मुगाचं पाणी दहा मिनिटांत होतं, आणि त्यातल्या प्रत्येक जिनसाचं नाव आपल्याला माहीत असतं.